तांब्याचं वेटोळं

यंदा नेपरव्हिलला बर्फ जरा लवकरच आला. काल सकाळी पडदा सरकवला तर डेकवरच्या खुर्च्यांवर चार बोटं बर्फ साचलेला, आणि मेपलवर अजून न गळलेली पिवळी पानं तशीच. या उन्हाळ्यात श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बायपास झाली. तेव्हापासून तो बेसमेंटकडे फिरकलेला नव्हता. काल मात्र चहा झाल्यावर "बघतो जरा" म्हणाला आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरला. तासाभरात घरभर मोड आलेल्या धान्याचा गोडसर, भाजका वास पसरला. मी ओट्याशी उगाच रेंगाळत राहिले. मला खालचा नळ सोडल्याचा आवाज ऐकायचा होता. आमच्या घरातला हिवाळा त्या आवाजापासून सुरू होतो.

बिअर घरी करतात हेच मला एके काळी ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या दशकात आमच्या शेजारी वॉल्ट नावाचा रेल्वेतून रिटायर झालेला म्हातारा राहायचा. त्याने श्रीकांतला या नादाला लावलं. बार्लीचा मधासारखा घट्ट अर्क डब्यात मिळायचा. तो पाण्यात घालायचा, हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची आणि तासभर उकळायचं. पुण्याहून पूजेच्या स्वयंपाकासाठी म्हणून आणलेलं माझं सगळ्यात मोठं पातेलं या कामाला लागलं. मी आठवडाभर अबोला धरला आणि मग नवीन पातेलं मागून घेतलं.

या उकळलेल्या पाण्याला वर्ट म्हणतात. तो झटपट गार करणं ही या सगळ्या खटाटोपातली खरी मेख. उकळत्या पातेल्यात जंतू जगत नाही, आणि एकदा यीस्ट घालून बादली फसफसायला लागली की परक्या जंतूची सहसा डाळ शिजत नाही. घोटाळा होतो तो मधल्या वेळात. पातेलं कोमट होऊन ताटकळत बसलं की हवेतला वाटेल तो पाहुणा त्यात उतरतो आणि सगळं आंबून जातं. सावकाश गार झालं तर उकडलेल्या मक्याचा वास येतो तो वेगळाच. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे, दिवसभर काचेच्या बशांमधून जंतू वाढवायचे. शिवाय विरजण लावणाऱ्या बाईला कोमट म्हणजे काय ते कोणी शिकवावं लागत नाही. पहिल्याच खेपेला सवयीने मी पातेल्यात बोट बुडवून बघितलं, आणि श्रीकांत असा किंचाळला की लॅबमधल्या नोकरीची मला लाज वाटली.

आमचे हे मोठमोठ्या कारखान्यांतली तापलेली तेलं गार करणारी यंत्रं डिझाइन करायचे. घरातलं एक पातेलं काही त्यांना गार करता येईना. सिंकमध्ये बर्फाचे खडे टाकून ठेवलं तर दीड तास लागला. मग एके शनिवारी त्याने पातेलं उचललं आणि मागच्या अंगणातल्या गुडघाभर बर्फात नेऊन ठेवलं. बर्फ म्हणजे गार, इतकं सरळ गणित. पण खालचा बर्फ वितळला, पातेल्याभोवती पोकळ खड्डा झाला, आणि पातेलं त्यात बसून वाफा सोडत राहिलं. तासाभराने ते एका अंगाला कललं आणि अर्धा वर्ट अंगणात. वॉल्टच्या कुत्र्याने दोन दिवस ती जागा सोडली नाही. बर्फात हवा भरलेली असते, त्यामुळे तो रजईसारखं काम करतो, हे श्रीकांतने मला नंतर चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. हेच पातेलं ठेवायच्या आधी आठवलं असतं तर, एवढंच मी म्हटलं.

त्यातून आलं ते तांब्याचं वेटोळं. हार्डवेअरच्या दुकानातून त्याने बोटाएवढी जाड तांब्याची नळी आणली आणि माझ्या तांदळाच्या डब्याभोवती गुंडाळून तिचं वेटोळं केलं. ते उकळत्या वर्टमध्ये बुडवायचं, एका टोकाला नळाचा पाइप जोडायचा, दुसरं टोक मोरीत सोडायचं. आमच्याकडे जानेवारीत नळाला येणारं पाणी हाताला चावतं. ते वेटोळ्यातून फिरायचं आणि पातेल्यातली उष्णता घेऊन वाफाळत बाहेर पडायचं. अठरा मिनिटांत पातेलं कोमट. त्या दिवशी श्रीकांत मोरीपाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे असं बघत होता, जसं काही ते त्यानेच निर्माण केलं होतं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून आले, परतीचं तिकीट एप्रिलच्या मध्याचं. त्यांनी आता इथेच राहावं असं श्रीकांतला आतून वाटत होतं. मागे एकटं घर, करायला कोणी नाही. कागदपत्रं करता आली असती, खोलीही तयार होती. पण हे त्यांना तोंडाने विचारणं श्रीकांतच्याने होईना. त्या घरात कधी कोणी कोणाला काही विचारलेलंच नव्हतं. आप्पा सांगायचे आणि बाकीचे करायचे, अशीच पद्धत.

त्यात आप्पांची नोकरी कुठली, तर दारूबंदी खात्यातली. तीस वर्षं इन्स्पेक्टर. धुळे, जळगाव, नगर, सोलापूर, जिथे बदली तिथे बिऱ्हाड. नाल्याकाठी, उसाच्या फडात, बंद पडलेल्या गिरणीच्या मागे चालणाऱ्या हातभट्ट्या शोधायच्या, काळ्या गुळाचं आंबवलेलं पाणी, ज्याला त्यांच्या खात्यात 'रसायन' म्हणत, ते जागच्या जागी ओतून द्यायचं, आणि मुद्देमाल जप्त करायचा. त्या मुद्देमालातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, तर पिंपातल्या गार पाण्यात बुडवलेलं तांब्याचं वेटोळं. ते सापडलं की आरोपी कोर्टात सुटत नसे. श्रीकांतचं लहानपण सरकारी क्वार्टरच्या मागच्या पडवीत रचलेल्या असल्या वेटोळ्यांशी खेळण्यात गेलं होतं.

आता त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या तळघरात तेच वेटोळं खिळ्याला टांगलेलं.

आप्पा यायच्या आदल्या दिवशी श्रीकांतने ते वेटोळं जुन्या रजईत गुंडाळून घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे लपवलं. बादल्या, बाटल्या, अर्काचे डबे वॉल्टच्या गराजमध्ये गेले. आप्पांना सांगितलं की खालचा जिना फार उभा आहे, तुम्ही उतरू नका. चाळिशीला आलेला माणूस, हाताखाली वीस इंजिनियर, आणि घरात चोरासारखा वावरत होता. मी हसले की चिडायचा. "तुला नाही कळणार. ते एक शब्द बोलणार नाहीत. बॅग भरतील आणि एप्रिलची वाटही न बघता निघतील."

खरं सांगायचं तर आप्पा तसेही निघण्याच्याच बेतात दिसत होते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आम्ही कामावर, केतकी, आमची मुलगी, शाळेत, दुसरीत. ते दिवसभर खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायचे. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, नुसता बर्फ. कानटोपी घरातही काढत नसत. जेवताना मी विचारायचे, आप्पा, आज काय केलंत, तर म्हणायचे, "बसलो होतो." बॅगही त्यांनी पूर्ण रिकामी केली नव्हती. कपडे काढायचे, धुतले की घडी करून परत बॅगेतच ठेवायचे. कपाटात मी त्यांच्यासाठी लावून ठेवलेले हँगर तसेच लटकत होते. ते बघितलं की मला फार वाईट वाटायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी ओळखीच्या मंडळींबरोबर आप्पा देवळात जाणार होते, ते थेट संध्याकाळी परतणार. तीन महिने उपाशी राहिलेल्या श्रीकांतने सकाळीच वॉल्टकडून सगळा संसार परत आणला आणि खाली पातेलं चढवलं. पातेल्याला उकळी आली आणि फोन वाजला. बर्फ वाढलाय, देवळाचं कॅन्सल केलं. आप्पा कोट घालून तयार बसले होते. त्यांनी कोट काढला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले, आणि मी बघितलं की त्यांनी नाक किंचित वर केलं.

तीस वर्षांचं नाक ते. मी घाईने मोहरीची फोडणी केली, हिंग जरा जास्तच टाकला. पण केतकी तिथेच चित्र रंगवत बसली होती. तिने मान वर न करता सांगून टाकलं, "आजोबा, Baba's making beer. You wanna see? There's a copper snake."

आप्पा उठले. जिना तेवढा उभा नव्हताच. ते व्यवस्थित उतरले, मागून मी, मागून केतकी. खाली श्रीकांतने नुकतंच वेटोळं पातेल्यात सोडलं होतं. आम्हाला बघून तो जागीच थिजला. नळ वाहत होता, मोरीत वाफ उसळत होती. मला वाटलं, झालं, आता बॅग भरली जाणार.

आप्पांनी आधी वास घेतला. "नवसागर नाही," हातभट्टीतला वास आठवत स्वतःशीच म्हणाले. मग पातेल्याभोवती एक फेरी मारली. नळीचं एक टोक बोटाने धरत नळापर्यंत गेले, दुसरं टोक धरत मोरीपर्यंत. परत आले. तापलेल्या टोकाला बोट लावून पटकन काढून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला ते ओळखायला वेळ लागला. त्यांना कुतूहल वाटत होतं.

"श्रीकांत," ते म्हणाले, "हे उलटं आहे."

खरंच उलटं होतं. भट्टीत वाफ वेटोळ्याच्या आतून जाते आणि गार पाणी बाहेर असतं. इथे गार पाणी आतून आणि तापलेला माल बाहेर. त्यांनी पुढे दोनच प्रश्न विचारले. इथला कायदा काय म्हणतो, आणि विकतोस का. घरच्यापुरतं करायला कायद्याची मुभा आहे, विकत नाही, असं श्रीकांतने खाली बघत सांगितलं, आणि मग एका दमात सगळंच सांगून टाकलं, रजई आणि वॉल्टच्या गराजसकट. आप्पांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते पातेल्याकडे बघत होते.

"वेटोळं नुसतं बुडवून ठेवू नकोस. वरखाली कर, सावकाश. बुडबुडा येता कामा नये."

श्रीकांतने पुस्तकात वाचलं होतं की तापलेला वर्ट ढवळू नये, हवा मिसळते, म्हणून त्याने कधी हात लावला नव्हता. आप्पांनी बाही सारली आणि दोन्ही हातांनी वेटोळं धरून इतकं हळू वरखाली केलं की वरची फुलंही हलली नाहीत. धुळ्याला एक भट्टीवाला होता म्हणे. त्याच्या पिंपातलं पाणी वर कढत आणि तळाला थंडगार राहायचं, म्हणून तो सारखं हलवत बसायचा. त्याचा माल इतरांच्या दुप्पट निघे. त्याला तीनदा पकडल्याचं आप्पांनी सांगितलं, पण सांगताना आवाजात आदर होता. त्या दिवशी पातेलं अकरा मिनिटांत कोमट झालं. इंजिनियर साहेब घड्याळाकडे बघतच राहिले.

तिथून पुढचा तो हिवाळा आठवला की मला आजही बरं वाटतं. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी आप्पा कानटोपी काढून, बाह्या सारून खाली हजर. केतकीच्या शाळेची एक कोरी वही त्यांनी मागून घेतली आणि प्रत्येक खेपेचा रीतसर पंचनामा सुरू केला. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...' अशी सुरुवात. मग उकळी किती वाजता, वेटोळं किती वाजता सोडलं, नळाच्या पाण्याचं तापमान, कोमट किती मिनिटांत. पंच दोन, मी आणि केतकी. केतकी मोठ्या गंभीरपणे इंग्रजीत सही करायची. आप्पांनी तिला मराठीत करायला शिकवलं. 'त'ला 'क' चिकटून जायचा, तरी ते चालवून घ्यायचे. वर्ट गार होईपर्यंत सोलापूरच्या छाप्यांच्या गोष्टी चालत. श्रीकांतने त्यातली एकही आधी ऐकलेली नव्हती. लहानपणी विचारायची टापच नव्हती ना.

आप्पांनी एक थेंब कधी चाखला नाही. बाटली उघडली की वास घ्यायचे आणि मत द्यायचे, तेही अचूक. पण त्यांचा जीव होता तो बादलीत. यीस्ट घातल्यावर दुसऱ्या दिवशी ते एकटेच खाली जात आणि बादलीला कान लावून बसत. आत जे बुडबुड चालतं त्यावरून त्यांना सगळं कळे. एकदा मी धुणं घेऊन उतरले तर ते तसेच बसलेले. मला बघून संकोचले.

"आवाजावरून किती दिवसांचं आहे ते अजून सांगतो मी," म्हणाले. "तीस वर्षं ओतूनच दिलं, मीनाताई. पुढे त्याचं काय होतं ते बघायला कधी थांबलो नाही."

सुनेला ताई म्हणणारा हा माणूस. मी धुण्याची टोपली खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. दोघांनी मिळून बराच वेळ ती बादली ऐकली.

पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ असायची. 'पुढील तपासणी', आणि पुढे तारीख. म्हणजे बाटल्या भरायचा शनिवार. पहिल्या पंचनाम्यात ती ओळ बघून श्रीकांतचं बोट तिथेच थांबलं होतं. मला त्याने नंतर सांगितलं. आप्पांच्या दौऱ्याच्या डायरीत ती ओळ असायची. स्पिरिटचं गोदाम, औषधांचं दुकान, जे काही तपासलं असेल त्याच्या नोंदीखाली पुढच्या फेरीची तारीख. फक्त बदलीची ऑर्डर आली की आप्पा ती ओळ कोरी ठेवत. जिथे आपण नसणार तिथली तारीख आपण द्यायची नाही, असा त्यांचा नेम. घरात बदलीबद्दल कोणी काही बोलत नसे. पण लहानगा श्रीकांत चोरून डायरी उघडायचा, आणि ओळ कोरी दिसली की त्याला कळायचं. मग तो आपल्या गोट्या मित्रांना वाटून टाकायचा.

मार्च सरला. अंगणातला बर्फ कडेकडेने वितळला, नळाचं पाणी चावेनासं झालं. अकराची तेरा मिनिटं झाली, तेराची सोळा. आप्पा ते सगळं वहीत लिहीत होते. श्रीकांत रोज ऑफिसातून येताना ठरवायचा की आज विचारायचं, आणि जेवताना भाजीचं कौतुक करून उठायचा. मी म्हटलं, मी विचारते. तर नको म्हणाला. त्याला उत्तराची भीती वाटत होती.

विमानाच्या आधीच्या शनिवारी शेवटचं पातेलं चढलं. बाटल्या भरायचा दिवस येणार होता तो आप्पा गेल्यानंतरचा. हे सगळ्यांना माहीत होतं, अगदी केतकीलाही. त्या दिवशी गोष्टी कमी झाल्या. नळाचं पाणी आता तितकं गार नव्हतं, वेळ फार लागला. आप्पांनी शेवटपर्यंत वेटोळं दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. यीस्ट घालून झालं, झाकण लागलं. आप्पांनी वही मांडीवर घेऊन पंचनामा लिहिला, माझ्याकडे दिला आणि हात धुवायला मोरीपाशी गेले. श्रीकांत पाठमोरा उभा राहून पातेलं घासत होता. ते कधीच स्वच्छ झालेलं होतं.

मी सही करायला पान उघडलं. माझी नजर आधी खाली गेली.

ओळ भरलेली होती. तारीख होती, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारची. तिच्यापुढे, एरवी ते लिहीत नसत असे दोन शब्द होते. 'तपासणार: स्वतः.'

मी सही केली, केतकीने केली, आणि मी वही तशीच उघडी श्रीकांतच्या हातात दिली. त्याचे हात ओले होते, पानावर थेंब पडले. त्याने वाचलं, आणि परत वाचलं.

"आप्पा," तो म्हणाला, "तारीख घातलीत तुम्ही."

आप्पा टॉवेलला हात पुसत होते. बोटन्बोट पुसून झाल्यावर म्हणाले, "उन्हाळ्यात नळाचं पाणी याहून तापेल. तेव्हा कसं गार करतोस ते बघायला पाहिजे कोणीतरी."

श्रीकांतने नुसती मान हलवली आणि परत पातेलं घासायला घेतलं. दुपारी मी कपड्यांच्या घड्या ठेवायला आप्पांच्या खोलीत गेले, तर हँगरवर त्यांचे तीन शर्ट लटकत होते.

पुढची चौदा वर्षं आप्पा त्याच खोलीत राहिले. वह्या सात झाल्या. आता वॉल्ट नाही, आप्पा नाहीत. केतकी तिकडे पोर्टलंडला असते, आणि मराठीत तिला तेवढी सहीच लिहिता येते.

काल मी ओट्याशी उभी होते तेव्हा खाली नळ सुटला. पाइप थरथरला, मोरीत पाणी आदळायला लागलं. मी गॅस बंद करून उतरले. श्रीकांत स्टुलावर बसून दोन्ही हातांनी वेटोळं वरखाली करत होता, बुडबुडा न येऊ देता. आता निम्मंच पातेलं करतो, दम लागतो त्याला. गार झालं, झाकण लागलं. त्याने खिशातून चष्मा काढला, वही ओढली आणि आप्पांच्याच शब्दांत सगळं लिहिलं. मग मान वर न करता म्हणाला, "पंच, सही."

मी वही घेतली आणि सगळ्यात आधी शेवटची ओळ बघितली. तारीख होती. मग सही केली.